ब्रेडमेकर, जॅम थर्मामीटर आणि इतर सामान: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत ब्रेडमेकर घेतला. साडेनऊ हजार रुपये, 550 वॅट, मळणं-फुगवणं-भाजणं सगळं एकाच भांड्यात, शिवाय जॅमचा वेगळा प्रोग्राम. त्याच्या मागोमाग डिजिटल वजनकाटा, जॅमचा थर्मामीटर, फळातली बी काढायचं हत्यार आणि ब्रेड कापायचा साचाही आला. आता आषाढ लागलाय. या काळात साधारण 70 ब्रेड झाले आणि स्ट्रॉबेरी, द्राक्ष, करवंद, जांभूळ असे चार फळांचे जॅम झाले. नात्यातल्या तीन-चार जणींनी विचारलं, "घेऊ का गं?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मळायला यंत्र हवं. जॅम उकळायला नको. बाकीच्या सामानातला वजनकाटा सोन्यासारखा आहे.

ब्रेडमेकर घेतला तो मनगटासाठी. घरात पाच माणसं, रोजची पोळ्यांची कणीक मलाच मळावी लागते, आणि दोन वर्षांपासून उजवं मनगट रात्री ठणकतं. पोळीची कणीक पाच मिनिटांत होते. ब्रेडची मात्र दहा-बारा मिनिटं रेटून मळावी लागते, तेव्हा कुठे चिमटीत ताणली की पातळ पडदा येतो. तो पडदा नाही आला तर ब्रेड फुगत नाही, वीट होते. दुसरं कारण म्हणजे घरातली मुलं रोज सकाळी ब्रेड खातात. 2016 मध्ये ब्रेडच्या पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर बंदी आली, त्या वेळी बातम्या वाचून मी हादरले होते. तेव्हापासून मनात होतं की ब्रेडमध्ये काय पडतं ते आपल्या डोळ्यांसमोर पडावं.

पहिले पंधरा ब्रेड पुस्तिकेप्रमाणे केले, म्हणजे सगळं भांड्यात घालायचं, बटण दाबायचं आणि साडेतीन तासांनी काढायचं. मैद्याचा ब्रेड सुंदर होतो, त्यात वादच नाही. पण मला कणकेचा हवा होता, आणि तिथे पुस्तिका उपयोगाची नाही, कारण ती आपल्या गिरणीच्या पिठासाठी लिहिलेलीच नाही. जात्याच्या दगडाखाली भरडलेल्या पिठातला स्टार्च जास्त तुटतो, त्यामुळे ते पाणी जास्त पितं. कोंडा असतो तो ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणारे, धागे कापतो. पुस्तिकेतल्या मापाने पाणी घातलं तेव्हा आतून गिच्च आणि वरून कडक असा ठोकळा बाहेर आला. दोनदा तसंच झालं.

आमच्याकडे गहू निफाडहून येतो, चुलत सासऱ्यांच्या शेतातला. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने काढलेला तपोवन वाण ते लावतात. त्याच केंद्राचा त्र्यंबकही आमच्या पट्ट्यात बऱ्याच जणांकडे असतो. एकदा घरात होता म्हणून मी गोदावरी वाणाचा गहू दळून आणला. तो बन्सी जातीचा, शेवया आणि रव्याला उत्तम, पण त्याच्या कणकेला ब्रेडला लागतो तसा ताणच नसतो. यंत्राने कितीही मळलं तरी तो येणार नाही. म्हणून गहू कुठला आहे हे आधी विचारा, यंत्राला दोष नंतर द्या. गिरणीवाल्या दादांना मी आता ब्रेडचं दळण पोळीपेक्षा बारीक आणि वेगळं काढायला सांगते.

सध्याचं माप असं आहे: तपोवनची कणीक 240 ग्रॅम, मैदा 160 ग्रॅम, पाणी 290, मीठ 7, इन्स्टंट यीस्ट 4, गूळ 15 आणि तेल 20 ग्रॅम. पीठ आणि पाणी भांड्यात कालवून अर्धा तास नुसतं ठेवते, कोंडा भिजू देते. मग बाकीचं घालून फक्त मळण्या-फुगवण्याचा दीड तासाचा प्रोग्राम लावते. झाल्यावर गोळा बाहेर काढून साच्यात घालते, पुन्हा फुगू देते आणि आमच्या जुन्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 190 अंशांवर 35 मिनिटं भाजते. यंत्रातच भाजलं तर मळायचं पातं ब्रेडच्या बुडात रुतून बसतं, उपटताना भोक पडतं आणि मधल्या चार कापा वाया जातात. वरचा भागही फिकट राहतो. ओटीजीत तो तांबूस, खरपूस होतो. तुमच्याकडे ओटीजी असेल तर ब्रेडमेकर म्हणजे उत्तम मळणयंत्र समजा. नसेल तर यंत्रातला ब्रेडही पोटभर खाण्यासारखा होतो, फक्त बुडाच्या भोकाची सवय करावी लागते.

हवामानाचा फरक मात्र मला कुणी सांगितला नव्हता. नाशिकच्या जानेवारीत पहाटे ओट्यावर हात ठेववत नाही. हाताने मळलेला गोळा तीन-तीन तास ढिम्म हलत नसे. यंत्र फुगवताना भांडं कोमट ठेवतं, त्यामुळे थंडीत एकही ब्रेड फसला नाही. पण त्याला गार करता येत नाही. एप्रिलमध्ये स्वयंपाकघरात पस्तीसच्या पुढे पारा गेला आणि सलग तीन ब्रेड भरभर फुगून मधोमध खचले. मग फ्रीजमधलं पाणी वापरलं, यीस्ट 4 वरून 3 ग्रॅमवर आणलं, आणि ते थांबलं. रात्री सामान घालून सकाळी गरम ब्रेड मिळवायचा जो टायमर जाहिरातीत दाखवतात, तो मी उन्हाळ्यात अजिबात लावत नाही.

एक स्पष्ट सांगते. मिसळीबरोबर हा ब्रेड कुणी खाऊ नये. रविवारी मिसळ असली की आमच्याकडे लादीपाव बेकरीचाच येतो. तर्रीत बुडवला की रस पिऊन घेणारा तो पोकळ, हलका पाव घरी या यंत्रात होत नाही. मी चारदा प्रयत्न केला.

आता जॅम. जॅमचा प्रोग्राम आहे म्हणून ब्रेडमेकर घेत असाल तर थांबा.

सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून आपल्याकडे येते. अर्धा किलो घेतली, पुस्तिकेच्या मापाने साखर-लिंबू घालून यंत्रात लावली. एक तास वीस मिनिटं पातं फिरत राहिलं. निघालं ते तांबूस सरबत, पोळीवर घातलं की ताटात पळणारं. दुसऱ्यांदा साखर वाढवली, तर ते उतू जाऊन भांड्याखालच्या कॉइलवर सांडलं आणि जळालं. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक ब्रेडला करपलेल्या साखरेचा वास होता. फार वाईट वाटलं, कारण यंत्र तेव्हा जेमतेम महिन्याचं होतं.

हे असं का होतं ते नंतर कळलं. जॅम म्हणजे फळातलं पाणी उडवून साखरेचं प्रमाण इतकं वाढवणं की ते आळतं आणि टिकतं. बाजारातल्या जॅमसाठी अन्नसुरक्षेच्या नियमात विद्राव्य घटक (मुख्यतः विरघळलेली साखर) किमान 65 टक्के आणि फळ किमान 45 टक्के लागतं, स्ट्रॉबेरीला 25 चालतं. हे पाणी उडायला पसरट, उघडं भांडं हवं. यंत्राचं भांडं अरुंद, खोल आणि वर झाकण! वाफ जायला वाटच नाही. जास्त वेळ शिजवावं तर फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम आळवणारा घटक, मोडतं आणि रंगही मरतो. भांडी बाजारातून जाड बुडाची स्टीलची पसरट लंगडी आणली, त्यात तीच स्ट्रॉबेरी मोठ्या आचेवर पंचवीस मिनिटांत झाली. लाल भडक. तांब्या-पितळेचं भांडं मात्र यासाठी घेऊ नका. फळ आंबट असतं, आणि कल्हई उडालेली असेल तर ते धातू खातं.

थर्मामीटर साडेसहाशे रुपयांचा. त्यावर जॅमची खूण 105 अंशांवर आहे. पहिल्यांदा मी 105 येईपर्यंत ढवळत बसले आणि जॅमची चिक्की झाली, बरणीतून चमचा निघेना. कारण साधं आहे. ती खूण समुद्रसपाटीची. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर, इथे पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून आधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरा, जो आकडा येईल त्यात साडेचार-पाच मिळवा. माझ्याकडे जॅम 102.5 ते 103 ला उतरवला की नेमका जमतो. हे समजलं आणि त्यानंतर एकही बरणी बिघडली नाही.

जूनमध्ये सासूबाई साखरांबा करत होत्या. त्या पाक नेहमी दोन बोटांत धरून बघतात. मी म्हटलं, "आई, एकतारी झाला की सांगा, मला आकडा बघायचाय." त्यांनी पळीवरचा थेंब अंगठा-तर्जनीत घेतला, बोटं विलग केली, बारीकशी तार आली, तुटली. "अजून नाही." अर्ध्या मिनिटाने पुन्हा. तार टिकली. "आता बंद कर." थर्मामीटरवर 103 होते. त्यांनी चष्मा लावून तो आकडा स्वतः वाचला, आणि मग त्यांच्या वहीत साखरांब्याच्या पानावर लिहून घेतला. ज्यांच्या बोटांत हे माप आहे त्यांना थर्मामीटर नको. माझ्या बोटांत ते नव्हतं, म्हणून मला साडेसहाशे रुपये योग्य वाटतात.

द्राक्षाच्या जॅमने मात्र वजनकाट्याचं खरं मोल दाखवलं. पिंपळगावला मामेभावाची बाग आहे. तोडणीच्या आधी तो रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून साखर मोजतो. मला वाटलं, हेच जॅमला लावू. तो म्हणाला, "ताई, ह्याच्यात 32 च्या पुढं आकडाच नाही, तुझा जॅम 65 चा!" पण कच्च्या रसाला तो चालतोच. त्याच्या शरद सीडलेस द्राक्षाचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा टक्का, 18 भरला. म्हणजे किलोभर रसगरात 180 ग्रॅम विद्राव्य घटक, त्यात माझी 500 ग्रॅम साखर, एकूण 680. हे 65 टक्के व्हायचं तर जॅमचं वजन सुमारे 1,050 ग्रॅम उरलं पाहिजे. लंगडी आधी रिकामी मोजून ठेवली, उकळताना मधेमधे काट्यावर ठेवली, 1,050 आलं की गॅस बंद. बशीवर थेंब टाकून पाहिला, सुरकुती पडली, म्हणजे जॅम आळला. काटा मात्र पाच किलोपर्यंतचा आणि गरम भांडं सोसणारा घ्या, खाली लाकडी पाट ठेवला तर आणखी बरं.

द्राक्षाच्या पहिल्या बरण्यांत महिन्याभराने काचेसारखे कण दिसले. साखर बसली असं वाटलं, पण जिभेवर विरघळेनात. ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, अपायकारक नाहीत, पण दाताखाली खडा आल्यासारखं होतं. दुसऱ्या खेपेला रस गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी अलगद ओतून घेतला आणि तळाचा गाळ टाकला. कण नाहीत. द्राक्षात चार-पाच टक्के हिरवट, कच्चे मणीही घालते, त्यात पेक्टिन जास्त असतं. करवंदाला असलं काही लागत नाही, त्याचा जॅम आपोआप आळतो.

बी काढायचं हत्यार घेऊ नका. करवंदातल्या बारीक बिया त्याच्या दांड्याला सापडत नाहीत आणि जांभळाची बी लांबट असल्याने ते फळच फाडतं. जांभळं थोड्या पाण्यात उकळून हाताने कुस्करते, मोठ्या बिया वेचते आणि उरलेला गर घरातल्या पुरणयंत्रातून काढते. लोक फळाचा गर काढायला तीन हजारांची यंत्रं घेतात, ते हे पुरणयंत्रच. कापायचा साचाही मी पाच-सहा वेळा वापरला असेल. दातेरी सुरी आणि ब्रेड पूर्ण गार होईपर्यंत धीर, एवढं पुरतं.

पैशाचा हिशोब. माझ्या मापाच्या ब्रेडला वीज धरून साधारण 37 रुपये लागतात, तसाच कणकेचा ब्रेड दुकानात 55 ला मिळतो. अठरा रुपये वाचतात. आठवड्याला दोन ब्रेड धरले तरी साडेनऊ हजार वसूल व्हायला पाच वर्षं. म्हणून बचतीसाठी घेऊ नका. मनगट दुखत असेल, घरात रोज ब्रेड संपत असेल, कणकेचाच हवा असेल, तर घ्या. जॅममध्ये तर बचत नाहीच, पण हंगामात शेवटी उरलेली, घडातून सुटलेली द्राक्षं वाया जात नाहीत याचं समाधान मोठं आहे.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. सातव्या महिन्यात भांड्याच्या बुडातलं सील गेलं आणि पातळ पीठ खाली गळायला लागलं. सेवा केंद्राने तीन आठवडे नुसतं "भाग मागवलाय" असं सांगितलं, शेवटी सील मिळतच नाही म्हणून पूर्ण भांडं बदलायला लावलं, 1,900 रुपयांना. सील आणि भांडं वॉरंटीत येतं का, हे बिल करायच्या आधी दुकानात लेखी विचारा. कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी याच जागी पातं रोज फिरतं आणि तिथेच झीज होते. आता मी भांडं पाण्यात बुडवून ठेवत नाही, आतून ओल्या फडक्याने पुसते आणि पात्याच्या दांड्याला आठवड्यातून एकदा तेलाचा थेंब लावते.

पावसाळा सुरू झाल्यापासून घरचा ब्रेड बाहेर दोन दिवसही टिकत नाही, तिसऱ्या दिवशी हिरवा ठिपका दिसतोच, कारण आपण काही टिकाऊ द्रव्य घातलेलं नसतं. फ्रीजमध्ये ठेवला तर कोरडा, भुसभुशीत होतो. गार झाला की लगेच कापते, दोन-दोन कापांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाकते. सकाळी थेट तव्यावर, झाकण ठेवून दीड मिनिट, मग उलटून. वर या महिन्यातला जांभळाचा जॅम.