शो-याची 'आउटरलिमिट्स': जुनी सीडी घ्यावी का? घ्या की!

जपानी पोरींचा बँड म्हटलं की एकसारखे फ्रॉक घालून नाचणारा घोळका डोळ्यासमोर येतो ना, तसलं काय मिळंल म्हणून ही सीडी घेणार असाल तर राहू दे, पैसे वाचवा. शो-या हा हार्ड रॉक बँड आहे, केइको तेरादा गाते आणि बाकीच्या चौघी वाजवतात, गिटार बेस कीबोर्ड ड्रम सगळं बायकांच्याच हातात. बँड १९८१ चा, पहिली रेकॉर्ड १९८५ ला, आणि ही 'आउटरलिमिट्स' १९८९ ची, म्हणजे त्यांचा बाजार एकदम तापलेला होता तेव्हाची.

मी जपानमधल्या एका जुन्या सीड्या विकणाऱ्याकडनं ऑनलाइन मागवली. सीडी स्वस्त, शिपिंगच महाग, त्यामुळं एकच मागवू नका, दोन-तीन एकदम घ्या म्हणजे परवडतं. बेळगावपर्यंत यायला वेळ लागला पण पॅकिंग बघून खूश झालो, पस्तीस वर्षांची सीडी आणि चरा नाही, कव्हरच्या बाजूला ती जपानी कागदी पट्टी असते ती पण जागेवर. आत गाण्यांचे शब्द आहेत पण सगळे जपानीत, तिथं आपला काय उपयोग नाही.

आता ऐकण्याचं. घरात लावली तेव्हा पहिल्यांदा वाटलं आवाज बारीक का येतोय, मग लक्षात आलं की त्या काळच्या सीड्या तशाच असायच्या, आत्ताच्यासारखं सगळं वरपर्यंत ठासून भरलेलं नसतं. व्हॉल्यूम वाढवा, मग ड्रम मोकळा ऐकू येतो आणि बेस वेगळा कळतो. 'गेंकाई लव्हर्स' आणि 'वाताशी वा आराशी' ही दोन गाणी सगळ्यात गाजलेली, दोन्ही ह्याच सीडीत आहेत. दुसरं तर असं सुटतं की आपल्याकडं मिरवणुकीत पोरींचं झांजपथक चौकात येऊन एकदम ठोका वाढवतं ना, तसं अंगावर येतं. तेरादाचा आवाज खरखरीत, गोड करायचा जरा पण प्रयत्न नाही. शेजारच्या काकूंनी खिडकीतनं विचारलं, "कोण रे ती बाई, एवढी का भांडालीय?" म्हटलं काकू, भांडत नाही, गालीय. तर म्हणाल्या, "मग चांगलं गालीय, पण जेवायच्या वेळेला नको लावूस."

खरी मजा गाडीत. निपाणीला जाताना तवंदी घाटात लावा, मग सांगा मला.

एक गंमत म्हणजे ह्या चौघी वाजवणाऱ्यांत तीन मिकी आहेत! गिटारवाली मिकी, कीबोर्डवाली मिकी आणि ड्रमवाली पण मिकी. म्हणून सनगो, कॅप्टन, मित्तान अशी टोपणनावं. आपल्या गल्लीत तीन संतोष असले की बारका संतोष, दुकानवाला संतोष करतो तेच झालं.

आणि नुसतं स्वतःचं वाजवून गप्प बसल्या नाहीत, १९८७ पासनं टोकियोच्या हिबिया पार्कातल्या उघड्या थिएटरात फक्त बायकांच्या बँडचा मोठा कार्यक्रम सुरू केला, 'नाओन नो याओन'. मला ही गोष्ट सीडीपेक्षा पण भारी वाटते.

नावडलं काय? सावकाश गाणी. तिथं कीबोर्डचा तो ऐंशीच्या दशकातला चकचकीत आवाज जरा जास्तच होतो, मी पुढं ढकलतो सरळ. आणि १९९१ ला तेरादा बँड सोडून गेली, म्हणून पुढच्या सीड्या घेताना गाणारी कोण आहे ते बघून घ्या. २००५ ला परत सगळ्या एकत्र आल्या ती गोष्ट वेगळी.

घरात बाकीच्यांना हे जड वाटलं तर प्रिन्सेस प्रिन्सेस घ्या. ह्या पण पाच जणी, १९८३ ला एका रेकॉर्ड कंपनीच्या ऑडिशनमधनं जमवलेल्या, पण पुढं गाणी स्वतःच लिहायला लागल्या. त्यांचं 'डायमंड्स' १९८९ ला जपानात वर्षातलं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल (म्हणजे एक-दोन गाण्यांचीच सुटी रेकॉर्ड) होतं आणि दुसऱ्या नंबरला पण त्यांचंच गाणं! १९९६ ला बँड बंद केला, मग २०११ च्या भूकंपानंतर लोकांना मदत म्हणून २०१२ ला परत स्टेजवर आल्या. चाली सोप्या, आमची आई पण गुणगुणते, शब्द काय का असेनात.

फक्त 'डायमंड्स'चं जुनं सिंगल घेणार असाल तर एक सांगतो, ती आठ सेंटिमीटरची छोटी सीडी असते. ट्रेवाल्या प्लेअरमध्ये मधल्या खाचेत बसते, पण गाडीच्या फटीत सरकवायच्या प्लेअरमध्ये अजिबात घालू नका. माझ्या एका दोस्तानं घातली, आता अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागणार आणि मेकॅनिक विचारालाय, सीडी कोण ऐकतंय अजून.

'आउटरलिमिट्स'ला माझे पाचातले चार. बेळगाव, खानापूर भागात कुणाकडं शो-याच्या १९८९ च्या आधीच्या सीड्या असतील तर कळवा, विकत नसल्या तरी आठवडाभर ऐकायला द्या, परत आणून देतो.