जाड वायरिंग केल्यावर बिघडलेलं आयडलिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशेबानं पेट्रोल फवारणारं) इंजिन, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. पावसाळ्याच्या तोंडावर तीन कामं एकदम करून घेतली: हेडलाइटला रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून वेगळं वायरिंग, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाड अर्थ (करंट बॅटरीकडं परत नेणारी केबल), आणि अल्टरनेटरपासून (बॅटरी चार्ज करतो तो) बॅटरीपर्यंत जादाची पॉझिटिव्ह केबल. पावसाळा आणि थंडी दोन्ही काढून झाल्यावर आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

आधी चांगलं सांगतो. हेडलाइटचं काम पैसे वसूल आहे. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास करंट, आणि माझ्या गाडीत तो सगळा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून जायचा. वाटेत व्होल्ट पडतात, आणि हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. रिले लावल्यावर स्विचवरचा भार गेला, बल्बला बॅटरीकडून थेट मिळायला लागलं. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात भर पावसात उतरताना कडेचा पांढरा पट्टा दिसतो, एवढं पुरे. बल्ब ६०/५५ चेच (हाय बीम ६० वॅट, लो बीम ५५) ठेवलेत. १००/९० लावून समोरच्याला आंधळं करायची हौस नाही, आणि ते नियमातही बसत नाही.

आता दुखणं. काम झाल्यावर गाडी थंड असताना ठीक, पण गरम झाली की दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, आरपीएमचा काटा खाली जायचा, परत वर यायचा, स्टिअरिंग थरथरायचं. एसी आणि हेडलाइट दोन्ही चालू असले तर बंद पडते की काय असं वाटायचं. पळवताना मात्र काही नाही. चेक इंजिनचा दिवासुद्धा लागला नाही.

ज्यानं काम केलं त्याचं म्हणणं, ‘बॅटरी काढली होती, ईसीयूची मेमरी गेली, चालवा, बसेल आपोआप.’ यात तथ्य आहे. ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. बॅटरी सुटली की बऱ्याच गाड्यांत ईसीयू शिकलेलं आयडल आणि इंधनाचा हिशेब विसरतो आणि पुन्हा शिकायला थोडं चालवावं लागतं. पण थोडं चालवून फरक पडला नाही तर ते कारण सोडून द्यायचं. मग थ्रॉटल बॉडी साफ झाली, प्लग बदलले. पेट्रोल भरायला गेलो तिथं एकानं इथेनॉलवर खापर फोडलं. हल्ली टायर पंक्चर झाला तरी इथेनॉलच!

शेवटी उद्यमनगरात एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, मला हेडलाइट चालू-बंद करायला लावले आणि नुसते ऐकत उभे राहिले. हेडलाइट लावला की थरथर वाढायची, बंद केला की कमी.

“दादा, प्लग खराब असला तर त्याला हेडलाइटशी काय देणंघेणं? वायरिंग केल्यावर आजारी पडलीया नव्हं, मग तिथनंच बघायचं की.”

मीटर डीसी व्होल्टवर लावला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नाही, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं चालू. इथं ०.१ व्होल्टच्या आत यायला पाहिजे, ०.२ च्या वर गेलं तर अर्थमध्ये घोळ आहे असं धरायचं. माझ्याकडं ०.४ च्या पुढं. गंमत म्हणजे पहिल्या वायरमननं याच जागेवर कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते) बघून ‘बीप वाजतीय, अर्थ ओके’ म्हटलं होतं. बीप वाजायला करंट जवळजवळ लागतच नाही. एका तारेवर लटकलेला लगसुद्धा (केबलच्या टोकाचा धातूचा डोळा) बीप देतो, आणि लोड आला की तोच व्होल्ट खातो. म्हणून ही तपासणी इंजिन चालू ठेवून, लोडवरच करायची.

उघडल्यावर दिसलं ते असं. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा नेणाऱ्या भागाच्या) ज्या बोल्टवर ईसीयूच्या अर्थच्या वायरी मुळात येतात, त्याच बोल्टवर नवी जाड केबल आणि हेडलाइट रिलेचा अर्थ एकत्र चढवलेला. केबलचं दुसरं टोक बॉडीवर, पण खालचा रंग न खरवडता. सगळा करंट एका अर्धवट जोडातून जाणार, म्हणजे ईसीयू ज्याला शून्य व्होल्ट धरतो तेच वर सरकणार. धुरातला ऑक्सिजन बघून ईसीयूला इंधनाचा अंदाज देणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा सगळा कारभार एका व्होल्टच्या आतला, त्यात ०.४ ची चूक म्हणजे इंधनाचा हिशेब बोंबललाच.

त्यांनी ईसीयूचा अर्थ त्याच्या मूळ जागी एकटा ठेवला, रिलेचा अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेला, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं घासून लग नीट क्रिम्प करून (केबलवर दाबून) बसवला आणि वर व्हॅसलीन लावलं. मीटरवर ०.०५. काटा जागेवर. तेव्हापासून आयडलिंगची तक्रार नाही.

बाकीचं थोडक्यात. रिले पिना खाली करून बसवा. माझा एक उलटा होता, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भरून गेला. केबल घेताना एक तार खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर असतो. तिथं जादाचा अर्थ थेट खुंटाला लावला तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही, चार्जिंगचा हिशेब चुकतो. मायलेजमध्ये फरक शून्य. ‘अर्थिंग किट लावा, ॲव्हरेज वाढेल’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

अल्टरनेटरच्या जाड केबलचा माझ्या गाडीला काडीचा उपयोग झाला नाही. वर ती मूळ फ्यूजला वळसा घालून, स्वतःचा फ्यूज न लावता जोडलेली होती. कुठं घासून बॉडीला टेकली असती तर गाडी पेटायला वेळ लागला नसता. ती काढून मित्राला दिली. त्याच्या गाडीत मोठा ॲम्प्लिफायर आहे, त्याला ती लागेल. बॅटरीजवळ फ्यूज लावल्याशिवाय जोडू नको एवढं बजावलंय, अजून त्यानं जोडलेली नाही.