डिझेलची पिकअप की सीएनजीची? टेक्सासच्या तेलासकट हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद, तासगावातून बेदाणा किंवा कराडहून भाजी वाशीला नेणारा माणूस नवी पिकअप घ्यायला निघाला, की शोरूममध्ये त्याला आजच्या दराने हिशेब मांडून मिळतो. गाडी मात्र सात-आठ वर्षं चालवायची असते. तेवढ्या काळात इंधन कुठे जाईल, हे बरंचसं अमेरिकेतल्या शेल तेलावर, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलावर, ठरणार आहे. म्हणून दोन्ही पर्याय त्या अंगाने पाहू.

टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन खोऱ्यात आडवी विहीर खोदतात आणि पाणी व वाळू प्रचंड दाबाने सोडून खडक फोडतात. २००८ मध्ये अमेरिका रोज सुमारे ५० लाख पिंप कच्चं तेल काढत होती. २०२४ मध्ये हा आकडा १ कोटी ३० लाखांच्या पुढे गेला. डिसेंबर २०१५ मध्ये तिथली निर्यातबंदी उठली आणि २०१७ मध्ये अमेरिकी तेलाचं जहाज ओडिशातल्या पारादीप बंदराला लागलं. आखाती देशांना भाव एकट्याने ताणणं तेव्हापासून अवघड झालंय. भाव चढला की टेक्सासमध्ये नव्या विहिरी सुरू होतात. पण शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त आटते. त्यामुळे भाव पडून खोदाई थांबली की पुरवठाही लवकर घटतो. शेलमुळे तेल कायमचं स्वस्त होईल, या भरवशावर कुणी कर्ज काढू नये.

आता डिझेल. जून २०१४ मध्ये कच्च्या तेलाचा पिंपाला ११५ डॉलर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आला, आणि त्यामागचं एक मोठं कारण शेलचा पूर होता. पंपावर मात्र तेवढी घट पोचली नाही, कारण त्याच काळात डिझेलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपये ५६ पैशांवरून १७ रुपये ३३ पैशांवर गेलं. स्वस्ताईचा मोठा वाटा करात गेला, गाडीवाल्याच्या हाती थोडाच लागला. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शेलचं तेल हलकं असतं. त्यातून पेट्रोल आणि नाफ्था (पेट्रोलसारखंच हलकं तेल) जास्त निघतो, डिझेल त्या मानाने कमी. म्हणजे शेल कितीही वाढलं तरी डिझेलला मिळणारा दिलासा पेट्रोलपेक्षा तोकडाच राहतो.

सीएनजीची गोष्ट वेगळी आहे. पर्मियनमध्ये तेलाबरोबर गॅसही वर येतो, इतका की पश्चिम टेक्सासमध्ये त्याचा भाव कधीकधी शून्याखाली गेलाय. हाच अमेरिकी गॅस द्रवरूप होऊन जहाजाने निघतो. अमेरिकेतल्या लुइझियानाहून ‘गेल’ (GAIL) या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या कराराचं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या घाटाखाली, दाभोळला लागलं. त्या कराराचा दर अमेरिकेतल्या गॅसच्या भावाशी बांधलेला आहे, कच्च्या तेलाशी नाही. देशातल्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसच्या दरावरही एप्रिल २०२३ पासून कमाल मर्यादा आहे. धोका इतकाच, की हा मर्यादेतला गॅस सीएनजी विकणाऱ्या शहरी गॅस कंपन्यांना आता पूर्वीइतका मिळत नाही, त्यामुळे आयातीचा वाटा वाढतोय. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटल्यावर युरोपने जहाजं जादा भावाने उचलली आणि सीएनजी आपल्याकडेही महागला. तशी वेळ पुन्हा येऊ शकते.

तरीही सांगली-सातारा-पुणे-वाशी हीच रोजची वाट असेल, तर मी सीएनजी घ्यायला सांगेन. हमरस्त्यावर पंप मिळतात आणि शेलचा फायदा या इंधनाला जास्त थेट पोचतो. पंपावरची रांग मात्र भाड्याच्या वेळेत धरा. वाशीला पहाटे माल उतरवायचा असेल, तर रांगेतला एक तास महागात पडतो.

बेदाणा घेऊन दिल्लीकडे जाणारे आणि भरल्या गाडीनिशी कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणारे-चढणारे यांनी डिझेलच घ्यावं. सिलिंडरचं वजन मालातून वजा होतं, चढावर ओढ कमी पडते, आणि आडवाटेला पंप नसेल तर गाडी अडकते.

ठरवण्याआधी एक आकडेमोड नक्की करा. आज डिझेल आणि सीएनजीच्या किलोमीटरमागच्या खर्चात जो फरक आहे, तो निम्मा धरा. तेवढ्यातही सीएनजी गाडीचा जादा हप्ता निघत असेल, तरच बयाणा द्या.