बेळगुंदी-राकसकोप पायी फेरी कशी आहे?

राकसकोप धरण बघायचं एवढंच मनात धरून निघालात तर निराशा होईल. बेळगाव शहराला पिण्याचं पाणी पुरवणारं हे जलाशय आहे, तिथं बांधावर मनसोक्त हिंडता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण बेळगुंदीहून सोनोली, यळेबैल करत राकसकोप गाठायचं आणि बिजगर्णी-कावळेवाडी भागातून पुन्हा बेळगुंदीला यायचं, ही पूर्ण फेरी मात्र जरूर करावी. शहरापासून इतक्या जवळ, अर्ध्या दिवसात, नदी आणि शेती एकत्र दाखवणारी याहून चांगली वाट आमच्या माहितीत नाही.

शेतातल्या वाटा किती घेता त्यावर अंतर साधारण 12 ते 14 किलोमीटर पडतं. मोठा चढ नाही. थांबत-बघत चाललं तर चार ते साडेचार तास धरा, सोबत लहान मुलं असतील तर आणखी एक तास. सकाळी साडेसहा-सातला बेळगुंदीच्या रवळनाथ मंदिरापाशी पोचलात तर उत्तम. पहिला टप्पा पश्चिमेकडे आहे, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. शिवाय नदीकाठचा भाग दव असतानाच बघावा. उलट दिशेनं गेलात तर नदीकाठी पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि मजा निम्मी होते.

सोनोली, यळेबैलचा पट्टा हा या फेरीचा जीव. मार्कंडेय नदी खानापूर तालुक्यातल्या बैलूरच्या डोंगरात उगम पावते, राकसकोपला अडते आणि तिथून खाली या गावांच्या शिवारातून पुढं जाऊन गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. काठाची सगळी जमीन भाताची. इथं डांबरी रस्ता सोडून मेरेवरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, चालायचा मोह होतो. चाला, पण बघून. मेर वरून घट्ट दिसते, पण खेकड्यांनी आतून पोखरलेली असते. पाय मधोमध टाकला तर टिकतो, कडेला पडला की चिखलाचा अख्खा ढेकूळ सुटतो. वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात पाणी जायला मेरेत हातभर रुंदीची फट ठेवलेली असते. तिच्या कडेवर पाय देऊ नका, लांब टांग टाकून ओलांडा. ती कड ढासळली तर वरच्या वाफ्यातलं पाणी रातोरात खाली जातं आणि त्याबरोबर टाकलेलं खतही. शेतकऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कळतं, तेव्हा आपण घरी पोचलेलो असतो. जुलैत लावणी चालू असताना तर मेरेवर जाऊच नये, रस्त्यावरूनच बघावं.

माळाच्या जमिनीत रताळी असतात. वेल वाटेवर पसरलेले असले तरी वरंब्यावर पाय नको. वरंबा दबला, भेगा पडल्या की त्या भेगांतून सोंड्या किडा आत शिरतो आणि कंद कडू होतो. सरीतून चालायला जागा असते, तिथूनच जा.

राकसकोपला पोचल्यावर पाणी जिथून रीतसर दिसतं तिथूनच बघा. फोटोसाठी कुंपण ओलांडणं, पाण्यात पाय सोडून बसणं, काठावर जेवण उरकून पत्रावळ्या टाकणं, हे सगळं शेवटी आपल्याच घागरीत येतं. इथलं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मी टेकडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून शहरात. 1962 सालचं हे धरण. पूर्ण भरल्यावर पातळी 2475 फूट सांगतात. हा आकडा ऐकून काही जण पाण्याची खोली समजतात. ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, म्हणजे सुमारे 754 मीटर. जूनमध्ये पाऊस लांबला की बेळगावकर रोज सकाळी धरणाची त्या दिवशीची पातळीच पेपरात आधी बघतात.

जलाशयाच्या पलीकडचं तुडये हे चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतं. बोली तीच, पाहुणे-रावळे तेच, फक्त पाट्यांवरची लिपी बदलते. मोबाईल मात्र कधी इकडचा तर कधी तिकडचा टॉवर धरतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. वाट चुकल्यासारखी वाटली तर फोन काढण्यापेक्षा शेतातल्या माणसाला विचारलेलं बरं. "कुठं चाललासा?" असं तेच आधी विचारतात. "राकसकोपला, मामा, हीच वाट न्हवं?" एवढं म्हटलं की पुढचं वळण, मधला ओढा, कुणाचं कुत्रं अंगावर येतं, सगळं कळतं.

परतीचा बिजगर्णीकडचा भाग तुलनेनं साधा आहे: तांबडी माती, काजूची झाडं, बराचसा रस्ता. इथं घसरायची भीती वेगळी. सुक्या उतारावर मुरमाचे गोल खडे बुटाखाली गडगडतात. पावसाळ्यात तिथल्याच जांभ्या दगडावर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज दोन्हीकडे फसवतात, खाचा असलेला तळ हवाच. मार्च-एप्रिलमध्ये खाली पडलेली काजूबी मुलं उचलतात. ओल्या टरफलाच्या तेलानं ओठ आणि बोटं भाजतात, आधीच बजावून ठेवा. गवीरेड्यांचा (गव्यांचा) वावर या भागात अधूनमधून असतो. एकटा दिसला तर जास्त सावध व्हा, लांब थांबा, व्हिडिओसाठी पुढं सरकू नका. संध्याकाळी उशिरा ही बाजू टाळावी.

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. भात पिवळं पडलेलं, कापणी-मळणी चालू आणि जलाशयात भरपूर पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवं डोळ्यांत मावत नाही, पण धरणाचे दरवाजे उघडले की नदी काठ सोडते आणि शेतातली पायवाट पाण्याखाली जाते. पावसाचा जोर असेल त्या आठवड्यात नदीकाठ पूर्ण वगळा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि मोकळ्या माळावर विजेपासून आडोसा मिळत नाही, त्यामुळे 12 च्या आत परत फिरलेलं बरं.

माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या. नदीचं पिऊ नका. खायला दशम्या, भडंग, काकडी असं कोरडं चालतं. चहा बेळगुंदीतच घेऊन निघा, मधे दुकान उघडं सापडेलच असं नाही. बेळगावहून बस सीबीटी बसस्थानकावरून मिळते. उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून ठेवा. बिजगर्णीपर्यंत येऊन पाय बोलायला लागले तर उरलेली वाट सोडून तिथूनच बस बघावी, फेरीचा सरस भाग तोवर झालेला असतो.