दसऱ्याला नवे म्हणून घेतलेले मागचे टायर

आमच्या घरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची जोडी नवी म्हणून घेतली आणि ती रिमोल्ड निघाली. घासून गोटा झालेल्या टायरवर नवं रबर चढवून, वरून काळं पॉलिश मारून ती कंपनीचा माल म्हणून आमच्या गळ्यात मारली. ठाणे, कल्याण, पनवेल या पट्ट्यात ज्यांच्याकडे जुने ट्रॅक्टर आहेत त्यांनी पुढच्या खरेदीआधी हे वाचावं, म्हणून बारीकसारीक गोष्टींसकट लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार दाखल केली आहे आणि निकाल लागायचा आहे.

आमचं गाव शीळफाट्याच्या पलीकडे. एका अंगाला टॉवर उभे राहिलेत, दुसऱ्या अंगाला अजून भात लावतात. काकांकडे १९९८ चा मॅसी १०३५ आहे. पावसाळ्यात चिखलणी, मग मळणी, आणि उरलेलं वर्ष ट्रॉली. घरातल्या दोन चुली त्याच्यावर चालतात. मागचे टायर झिजले होते, चिखलात चाक जागच्या जागी फिरायला लागलं होतं. जुन्या ट्रॅक्टरला इंजिनचं काम सोडलं तर मागच्या टायरइतका मोठा एकरकमी खर्च दुसरा नसतो, त्यामुळे काका ते वर्षभर पुढे ढकलत होते.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही बातमी खरी होती, गावात सगळ्यांना माहीत होती, आणि नेमका तिचाच फायदा उठवला गेला. चुलतभावाच्या मोबाइलवर जाहिरात आली: जीएसटी कपात अधिक दसरा ऑफर, १३.६-२८ मापाची जोडी ३४,००० रुपये, फिटिंग मोफत. दुकान कल्याण-शीळ रस्त्याला लागून, घरापासून जवळ. काका आणि भाऊ जाऊन बघून आले. दुकानात टायरची चळत होती, नामांकित कंपन्यांचे बोर्ड होते, टायरवर कंपनीचं नाव ठळक होतं. दसरा २ ऑक्टोबरला होता. पूजेला नवे टायर असावेत अशी काकांची इच्छा, आणि दुकानदारानं तीच पकडली. "काका, उद्या या भावाची जोडी राहणार नाही," असं तो बोलला.

आधी हिशेब सांगतो, कारण तो कुणालाही घरबसल्या मांडता येतो. दोन अधिकृत विक्रेत्यांकडे तीच जोडी कपातीआधी ४५,००० च्या आसपास होती. कर १८ चा ५ झाला की ११८ रुपयांची वस्तू १०५ ला मिळते. म्हणजे ४५,००० ची जोडी साधारण ४०,००० ला यायला हवी. कपातीनं फरक पडतो तो एवढाच. ३४,००० मधले उरलेले सहा हजार कुठून कमी झाले, याचं उत्तर दुकानदाराकडे 'ऑफर' या एका शब्दापलीकडे नव्हतं. आणि ज्या कपातीच्या नावानं माल विकला, ती दाखवणारं बिलच त्यानं दिलं नाही. हातात आली ती 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी. तिच्यावर जीएसटी नंबर नाही, कराची ओळ नाही, टायरचा सीरियल नंबर नाही. "पक्कं बिल दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर टाकतो," म्हणाला. ते कधीच आलं नाही.

मापाबाबत तो जे बोलला ते मात्र बरंचसं खरं होतं, आणि त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसला. काकांच्या ट्रॅक्टरला १२.४-२८ टायर होते. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. दोन्ही टायर २८ च्या रिमचे, त्यामुळे १३.६ चा टायरही चढतो आणि अनेकांनी तो चढवलेलाही आहे. मात्र रिमची रुंदी त्याला पुरते का आणि मडगार्डला तो घासतो का, हे आधी बघावं लागतं, कारण त्याची उंची साधारण पाच सेंटीमीटरनं जास्त असते. जोडी मात्र एकाच मापाची आणि एकाच नक्षीची हवी. एका बाजूला १२.४ आणि दुसऱ्या बाजूला १३.६ असेल तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरना, सतत काम करत राहावं लागतं. हे सगळं दुकानदारानं नीट समजावून सांगितलं. एवढी माहिती असलेला माणूस फसवेल असं कुणाच्या मनात येणार?

जुने टायर त्यानं आग्रह करून मागून घेतले. जोडीचे दोन हजार वजा केले. गोटा झालेल्या टायरला दोन हजार मिळाले म्हणून काका खूश होते. पण रिमोल्डचा कच्चा माल हाच असतो. वरचे दात, म्हणजे माती धरणारे रबराचे उंच पट्टे, संपलेले आणि आतली बॉडी शाबूत असलेले टायर. आमचे ते दोन टायर आज कुणाच्या तरी ट्रॅक्टरला नवे म्हणून लागले असतील, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त छळतो. जुना टायर कुणालाही देण्याआधी त्याच्या बाजूच्या भिंतीवर करवतीनं आरपार काप मारा. बांधाला माती धरायला, खेळायला, झाडाभोवती लावायला तो तरीही चालतो, फक्त पुन्हा विकला जात नाही.

फिटिंगच्या वेळी उजव्या चाकाचा टायर त्यांच्या पोरानं उलटा चढवला. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर दातांच्या बाणाचं टोक वरच्या दिशेला दिसलं पाहिजे. ते खाली दिसत होतं. भावानं हटकून सुलटा करून घेतला. त्या घाईत ती पोराची चूक वाटली. पण टायर सुलटा झाल्यावर त्याची जी बाजू बाहेर आली, तिच्यावर तळहाताएवढी जागा जरा जास्तच गुळगुळीत आणि चकचकीत होती. तिथेच तारखेचे आकडे असतात.

नोव्हेंबरात, विटांची ट्रॉली दिव्याकडे नेताना, डांबरी रस्त्यावर उजव्या चाकाकडून थापा बसल्यासारखा आवाज यायला लागला. भावानं ट्रॅक्टर बाजूला घेतला. सलग तीन दात एकत्र, भाकरी तव्यावरून सुटावी तसे, एका कडेनं उचलले गेले होते. मी ते नंतर हातानं उलटून पाहिलं. खाली काळं रबर नव्हतं, करडा पृष्ठभाग होता आणि त्याच्यावर एकाच दिशेनं गेलेले बारीक ओरखडे. रिमोल्ड करताना जुना टायर मशीनवर खरवडतात, म्हणजे नवं रबर धरतं. ते ओरखडे त्या खरवडण्याचे. ओझं घेऊन डांबरावर चाललं की टायर तापतो, आणि जोड कच्चा असेल तर तो तिथेच सुटतो. शेतातल्या मऊ मातीत हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळलंही नसतं. ट्रॉली भरलेली होती, पण नशिबानं रस्ता उताराचा नव्हता, मागून कंटेनर येत नव्हता. नाहीतर मी आज टायरबद्दल लिहीत नसतो.

टायर उतरवायला मुंब्र्याहून एका जुन्या पंक्चरवाल्यांना बोलावलं. त्यांनी दातांकडे बघितलंही नाही. टायर रिमवरून सुटल्याबरोबर त्यांनी त्याच्या तारेच्या काठावरून, म्हणजे जो भाग रिममध्ये बसतो तिथून, अंगठा फिरवला आणि म्हणाले, हा आधी दुसऱ्या रिमवर बसलेला आहे. काठ गोल झिजलेला, दोन ठिकाणी टॉमीचे, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीचे, जुने खच्चे, आणि त्या खच्च्यांत गंज. दीड महिन्यात असे खच्चे गंजत नाहीत. मग त्यांनी आत बॅटरी मारली. आतल्या अंगाला हाताच्या पंजाएवढा पॅच होता, त्याच्यावर टाल्कम पावडर भुरभुरलेली. त्यांनी ओलं फडकं बाजूच्या भिंतीवर घासलं तर फडकं काळं झालं आणि पॉलिशखाली केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या. नवं रबर जिथे जुन्या भिंतीला भेटतं, तिथे खांद्यावर सगळ्या गोलाईत एक रेघ होती. एकदा दाखवल्यावर ती लपत नाही.

डाव्या टायरचे आकडे गिअरबॉक्सकडच्या बाजूला होते, म्हणून खरवडायचे राहिले असावेत. अंडाकृती चौकटीत ३११५. याचा अर्थ २०१५ सालचा ३१ वा आठवडा. बहुतेक टायरवर असे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचा टायर, आणि विकताना 'ताजा माल' म्हटलेला.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदार शांत होता. ओव्हरलोड केलात, हवा कमी ठेवलीत, असं म्हणाला. हवा आम्ही मोजलेली होती. शेतात साधारण १२ ते १४ पौंड आणि ट्रॉलीला त्याहून जास्त, हे काकांना तीस वर्षं पाठ आहे. आणि हवा कमी असली तर टायर भिंतीत फुटतो, चिरतो. त्याचे दात बुडापासून सोलून निघून खाली खरवडलेला जुना टायर दिसत नाही. काठ दाखवला तेव्हा तो म्हणाला, "कंपनीकडे क्लेम टाका." टायरवर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्या माणसाला आम्ही फोटो पाठवले. त्यानं कळवलं की भिंत आमच्या टायरची आहे, पण दातांची ही नक्षी आम्ही बनवतच नाही. ही खूण मला सगळ्यात उपयोगाची वाटते: खरेदीआधी कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलची नक्षी उघडून समोरच्या टायरशी ताडून बघा.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. रिमोल्डिंग हा चोरीचा धंदा नाही. आपलाच टायर, आतून शाबूत असलेला, चांगल्या कारखान्यात देऊन रबर चढवून घेणं अनेकांना परवडतं, आणि हलक्या कामाला ते चालतं. असे प्रामाणिक कारागीर आपल्याकडे आहेत. गुन्हा आहे तो रिमोल्ड नवा म्हणून विकण्यात, आकडे खरवडण्यात आणि कराच्या नावाखाली खोटं बोलण्यात.

पुढे आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. दुकानदारानं आधी उत्तर दिलं नाही, मग पाच हजार परत द्यायची तयारी दाखवली. काकांनी नाही म्हटलं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. ठाणे जिल्ह्यासाठी ठाण्यात आयोग आहे आणि नवी मुंबईत कोकण भवनातही अतिरिक्त आयोग बसतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ट्रॅक्टर धंद्याचा म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा दुकानदारानं काढला आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामात धरलेली नाही, हे स्पष्ट आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत अर्जही दिला आहे.

पक्कं बिल नसतानाही तक्रार उभी राहिली ती तीन गोष्टींवर: २०,००० रुपये यूपीआयनं दिले होते, जाहिरातीचा स्क्रीनशॉट भावानं ठेवला होता, आणि 'पक्कं बिल पाठवतो' हा दुकानदाराचा मेसेज मोबाइलमध्ये होता. दोन्ही टायर आम्ही गोणपाटात बांधून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेत. भंगारवाले विचारून जातात. निकाल लागेपर्यंत ते तिथून हलणार नाहीत.

काकांनी डिसेंबरात सोसायटीकडून उचल घेऊन १२.४-२८ ची जोडी अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. या वेळी टायर रिमवर चढवण्याआधी त्यांनी स्वतः काठावरून बोट फिरवलं, आत हात घालून पूर्ण गोल फिरवला, दोन्ही टायरचे चार आकडे जुळवून पाहिले. बिलावर दोन्ही सीरियल नंबर लिहून घेतले, केंद्राच्या आणि राज्याच्या कराच्या अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळी बघितल्या, आणि २७ नं सुरू होणारा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव ताडलं. त्या विक्रेत्यानं कशालाही हरकत घेतली नाही, उलट बॅटरी धरून उभा राहिला.

ती जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली. नाव दुसरं, नंबर दुसरा, टायरच्या चळतीचा फोटो तोच. सारखंच नुकसान झालेले ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करू शकतात. दसऱ्याच्या सुमारास शीळ-कल्याण रस्त्यावरून कुणी अशी जोडी घेतली असेल तर आज ट्रॅक्टरखाली वाकून आतल्या बाजूचे आकडे बघा, त्यांचा फोटो काढा, आणि तोवर त्या टायरवर भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढू नका.