महिन्याचा किराणा दोन ठिकाणी विभागून घेतल्यावर

बरेच महिने यादीचे दोन भाग करून सामान भरतोय: पाकीटबंद माल मॉलमधून, भुसार माल कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. सगळं एकाच ठिकाणी घेण्यापेक्षा हेच परवडतं, असं माझं ठाम मत झालंय.

साबण, कपड्यांची पावडर, चहा, टूथपेस्ट यांवर मॉलमध्ये एमआरपीपेक्षा चांगली सूट मिळते. वाण्याला तेवढी जमत नाही. त्याचा माल वितरकाकडून येतो, मोठ्या साखळ्या घाऊक खरेदी करतात. पण वजन वाचल्याशिवाय पिशवी उचलू नका. तेलात सगळ्यात जास्त गफलत होते. 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, आणि शेजारीच तशीच दिसणारी 750 ग्रॅमची पिशवी असते. समजा लिटरची 140 रुपयांना आणि 750 ग्रॅमची 125 रुपयांना आहे. पहिली 100 ग्रॅमला 15.38 रुपये पडते, दुसरी 16.67. म्हणजे स्वस्त दिसते तीच महाग! फळीवरचा दर आणि बिलातला दर काउंटर सोडण्याआधीच ताडून बघा, कारण फळीवरची चिठ्ठी बदलायची राहून जाते.

डाळ-तांदूळ मात्र वाण्याकडूनच. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-धान्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर नाही. त्याहून मोठा फायदा म्हणजे माल पारखून घेता येतो. तूरडाळ तळहातावर चोळा. हाताला तेलकट लागली तर पॉलिशची आहे. कोलम घेताना जुना आहे का विचारा. जुना तांदूळ पाणी जास्त घेतो, भात मोकळा होतो; नव्याचा चिकट गोळा होतो. इंद्रायणी मुळातच चिकट, तिथे हा निकष लावू नका.

पावसाळ्यात रवा-बेसन अर्धा किलोच घ्या. रव्यात बारीक जाळ्या, गुठळ्या दिसल्या की अळी धरलीच समजा. सुटा माल घेताना रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी करावी लागते, प्रमाणपत्राची तारीख बघायला संकोच नको.

आणि डाळ शिजत नसेल, तर उरलेली तशीच घेऊन जा. ओळखीचा वाणी बिल न मागता बदलून देतो.