सस कॉर्डचा ऑनलाइन कोर्स: १,४९९ रुपयांत काय मिळालं

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची गिटार कपाटावर पडून राहिली. मी मिरजेत भजनी मंडळात पेटी वाजवतो. सूर कळतात, पण बोटं गिटारवर वळत नव्हती. साधे कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) जमायला लागल्यावर सस, म्हणजे ‘सस्पेंडेड’, कॉर्डच्या आर्पेजिओंचा (कॉर्डचे सूर एकामागोमाग वाजवण्याचा) हा रेकॉर्डेड कोर्स घेतला. १२ व्हिडिओ, पीडीएफ आणि साथीचे ट्रॅक. दोन महिने रोज अर्धा तास बसलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. शिकवणारा पोरगा गुणी आहे.

पहिले तीन व्हिडिओ सोडून द्या.

चौथा मात्र पैसे वसूल करतो. डी कॉर्ड धरायचा, पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या घराला) करंगळी टेकवायची: सस फोर. करंगळी उचलली की साधा डी. मधलं बोटही उचललं, तार मोकळी: सस टू. तो इंग्रजीत ‘थर्ड’ वगैरे समजावत होता, माझ्या डोक्यात काही शिरेना. शेवटी पेटी ओढली, पांढरी दोनला, म्हणजे डीला, सा धरला आणि वाजवलं: सा म प, सा ग प, सा रे प. एवढंच तर आहे! ग काढून त्याच्या जागी म किंवा रे. मध्यम लोंबकळत राहतो, गंधारावर उतरला की जीव भांड्यात पडतो.

उजव्या हाताला अंगठा चौथ्या तारेवर, मग तर्जनी, मधलं, अनामिका. मेट्रोनोम (लय मोजणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला ६० वर. सस टूची मोकळी तार माझ्याकडे पंधरा दिवस नुसती ‘ठप्प’ वाजायची. दुसऱ्या तारेवरची अनामिका आडवी पडून तिला चिकटत होती. बोट उभं करा, हे त्यानं सहाव्या व्हिडिओत सांगितलंय. चौथ्यातच सांगायला काय झालं होतं?

पुढे एकेक सूर सुटा वाजवायचा भाग येतो. ए सस फोर: सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, पाचव्या तारेवर पाचवा आणि सातवा, चौथ्या-तिसऱ्या तारेवर सातवा, दुसऱ्या-पहिल्या तारेवर पुन्हा पाचवा. शेजारच्या दोन तारा एकाच फ्रेटवर आल्या की बोट दाबून ठेवायचं नाही, लोळवायचं, नाहीतर सूर एकमेकांत कालवतात. सगळी मेख या लोळवण्यात, आणि नेमका इथे कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर!

खरी तक्रार ट्रॅकची. डी सस फोरच्या सरावाला मागे कीबोर्डवर चक्क पूर्ण डी मेजर, गंधारासकट. मी वर मध्यम वाजवतोय, खाली ग ठाण मांडून बसलाय, दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर. कान किटतात. मेल केला तर उत्तर आलं, ‘हेडफोन बदलून पाहा.’ मग मी मोबाइलवर तंबोरा लावला, सा-प. तंबोऱ्यातही स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार असतोच, हे तंबोऱ्यांच्या मिरजेतल्या माणसाला सांगायला नको. पण तो लांबून येतो. ट्रॅकमधला मांडीवर येऊन बसतो.

नववा आणि दहावा व्हिडिओ म्हणजे डी सस टू आणि ए सस फोर, दोन वेगळे धडे म्हणून विकलेत. सूर मोजा: डी, ई, ए. दोन्हींत तेच! षड्ज डीवरून त्याच्या पंचमावर, म्हणजे एवर, सरकवला की सा रे प चं म प सा होतं. म्हणजे ए सस फोरसाठी घोटलेला तो आकार डीवरही चालतो, फक्त थांबायची जागा बदलायची. हे एक वाक्य त्यानं बोलायला हवं होतं. माझे आठ दिवस वाचले असते.

पेटी किंवा गाणं येणाऱ्यांना ५०० रुपयांपर्यंत सवलतीत मिळाला तर घ्यायला हरकत नाही. अगदी नवशिक्यांनी आधी जवळच्या क्लासला जावं, बोट कुठे चिकटतंय ते समोरच्या माणसालाच दिसतं. आणि ट्रॅक डाउनलोड करण्यात डेटा घालवू नका.